चातुर्मासात लसूण बंद, म्हणून काळजी

प्रश्न : आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. माझ्या सासऱ्यांना जठराचा कॅन्सर झाला होता. कांदा-लसणाने पोटाचे कॅन्सर टळतात असं वाचून यजमानांनी (वय 46) चार महिन्यांसाठी लसणाच्या कॅप्सूल आणल्यात. त्यांना रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, जळजळही नेहमीचीच. कॅप्सूल देऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नका देऊ. लसणाच्या कॅप्सूल आणि रक्त पातळ करणारं औषध एकत्र घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ज्यांनी ते औषध लिहून दिलंय, त्यांना आधी विचारा.

यजमानांनी वाचलेलं निराधार नाही. चीनच्या शानदोंग प्रांतातल्या लिंछू भागात जठराचा कॅन्सर फार. तिथल्या 1989 च्या अभ्यासात लसूण, कांदा, पात भरपूर खाणाऱ्यांत तो कमी दिसला. पण अशा माणसांचं बाकीचं खाणंपिणंही वेगळं असू शकतं. म्हणून 1995 मध्ये तिथेच रीतसर चाचणी सुरू झाली. काहींना सात वर्षांहून जास्त काळ लसणाचा अर्क आणि तेल दिलं, काहींना जठरात राहून या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर जेमतेम दोन आठवडे औषध. बावीस वर्षांनी पाहिलं तर लसूण घेणाऱ्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होते, पण कॅन्सर होणंच कमी झालं असं ठामपणे म्हणता आलं नाही. जंतूवर औषध घेतलेल्यांत मात्र कॅन्सर होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मला यातलं हे दोन आठवड्यांचं औषध फार मोलाचं वाटतं, आणि त्याचीच चर्चा घराघरांत होत नाही.

तेव्हा चातुर्मास निर्धास्त पाळा. एरवी लसूण खलबत्त्यात ठेचला की लगेच फोडणीत टाकू नका, दहा मिनिटं तसाच ठेवा. ठेचल्यावर ॲलिसिन हे लसणातलं उग्र वासाचं, गुणकारी मानलं जाणारं द्रव्य तयार होतं; लगेच तापवलं तर ते तयार करणारं एन्झाइमच निकामी होतं.

वडिलांना जठराचा कॅन्सर आणि स्वतःला सततची जळजळ, म्हणजे यजमानांना पोटविकारतज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. सासऱ्यांचे जुने रिपोर्ट बरोबर घ्या. या जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते. जळजळीची गोळी चालू असेल तर निकाल चुकू शकतो, म्हणून ती किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या. एंडोस्कोपी सांगितली तर टाळू नका. तंबाखू, मिसरी असेल तर तेही सांगा. आणि शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.