डॉकरफाइलला हात लावला नाही, तरी ॲप्ट-गेट इन्स्टॉल अचानक एक्झिट कोड १०० का देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पायथन ३.१२-स्लिम या बेसवरची, म्हणजे पायाभूत इमेजवरची, डॉकरफाइल (इमेज बनवण्याच्या पायऱ्यांची फाइल) वर्षभर कुणी बदललेली नाही. लॅपटॉपवर इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला संच, व्यवस्थित बनते. नव्या बिल्ड सर्व्हरवर मात्र ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीसाठी लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स हे पॅकेज ॲप्ट-गेटने (डेबियन लिनक्सचं पॅकेज घालायचं साधन) इन्स्टॉल करण्याच्या ओळीवर बिल्ड एक्झिट कोड १०० देऊन थांबतं. नो-कॅश देऊन पाहिलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, फरक पडला नाही. सर्व्हरवर काय कमी आहे?

सर्व्हरवर काहीही कमी नाही. जे लॅपटॉपवर अजून दिसलेलं नाही ते सर्व्हरवर आधी दिसलं, एवढंच. खात्री करायची असेल तर लॅपटॉपवर डॉकर बिल्ड करताना पुल आणि नो-कॅश हे दोन्ही फ्लॅग एकत्र द्या. तिथेही बिल्ड त्याच ओळीवर पडेल असा माझा अंदाज आहे. दोन्ही का, तर नो-कॅश फक्त तुमच्या डॉकरफाइलमधल्या पायऱ्या नव्याने चालवतो. बेस इमेज आधीच मशीनवर उतरवलेली असेल तर तीच वापरली जाते. रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या ऑनलाइन साठ्यात, त्या टॅगखाली नवी इमेज आली आहे का, हे बघायला लावतो तो पुल. लॅपटॉपवर जुना बेस पडून आहे, सर्व्हरने कोरा बेस उतरवला. फाइल एकच, पण तिच्या पहिल्या ओळीचा अर्थ दोन्हीकडे वेगळा झाला.

मधल्या काळात काय झालं ते सांगतो. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी आलं. पायथनच्या अधिकृत इमेजमध्ये ३.१२-स्लिम या टॅगमध्ये डेबियनचं नाव कुठेच नसतं. असा टॅग त्या वेळच्या ताज्या स्टेबल डेबियनवर सरकतो. तो आधी बुकवर्मवर (डेबियन १२) होता, नंतर ट्रिक्सीवर गेला. आणि लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स हे पॅकेज ट्रिक्सीत नाही. बुकवर्ममध्येही ते नावापुरतंच उरलं होतं, आतून लिबजीएल१ कडे बोट दाखवणारं. ओपनसीव्हीवरच्या असंख्य जुन्या लेखांत तीच ओळ जशीच्या तशी आहे, म्हणून अनेकांची बिल्डं याच कारणाने अडकली. उबंटू २४.०४ वरही हेच होतं.

आता दुरुस्ती. सगळ्यात सोपं म्हणजे ते नाव काढून तिथे लिबजीएल१ लिहा. पण तुमची इमेज सर्व्हरवर चालणार आहे, कुठली खिडकी उघडून चित्र दाखवणार नाही. मग मुळात ओपनसीव्ही-पायथन ऐवजी ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस घ्या. त्याला लिबजीएल लागतच नाही, आणि ती ॲप्टची ओळच गळून पडते. मी तरी हेच करेन. आणि पहिल्या ओळीत ३.१२-स्लिम-बुकवर्म किंवा ३.१२-स्लिम-ट्रिक्सी असं पूर्ण नाव लिहा. डेबियन कधी बदलायचं ते तुम्ही ठरवायचं, एखाद्या मंगळवारच्या डिप्लॉयमेंटने नाही.

पुढच्या वेळी चूक वेगळी असेल, म्हणून ती शोधायची कशी हेही लिहितो. एक्झिट कोड १०० वरून काहीच कळत नाही. ॲप्टला कुठलीही अडचण आली की तो हाच आकडा देतो. खरं कारण त्याच्या वर कुठेतरी, बऱ्याचदा पंधरावीस ओळी मागे असतं. डॉकर २३ पासून बिल्डकिट हाच लिनक्सवरचा नेहमीचा बिल्डर आहे, आणि तो टर्मिनलवर ओळी गुंडाळून टाकतो. म्हणून आधी प्रोग्रेस प्लेन असा फ्लॅग देऊन बिल्ड चालवा, आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि शेवटून नाही, वरून वाचा. पहिली ई-कोलन किंवा डब्ल्यू-कोलनने सुरू होणारी ओळ शोधा. डब्ल्यू म्हणजे नुसती वॉर्निंग म्हणून लोक ती सोडून देतात, आणि नेमकी तीच कामाची असते.

कारण असं की ॲप्ट-गेट अपडेट अर्धवट फसलं तरी बऱ्याचदा यशस्वी म्हणूनच परत येतं. नेटवर्क क्षणभर गेलं, एखादी इंडेक्स फाइल उतरली नाही, तर ते ‘सम इंडेक्स फाइल्स फेल्ड टू डाउनलोड’ अशी वॉर्निंग देतं आणि शून्य एक्झिट कोडने संपतं. अधिकृत डेबियन आणि उबंटू इमेजमध्ये पॅकेजांची यादी रिकामीच येते, मागची जुनी यादी वापरायलाही नसते. मग पुढची इन्स्टॉलची पायरी ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ म्हणते आणि माणूस पॅकेजचं नाव तपासत बसतो. नाव बरोबर असतं, यादीच आलेली नसते. बुकवर्म आणि त्यापुढच्या ॲप्टमध्ये अपडेटला एरर-ऑन-एनी हा पर्याय देता येतो. तो दिला की अर्धवट अपडेट तिथेच थांबतं आणि दोष जिथला तिथे दिसतो. सीआयसाठी, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या बिल्डसाठी, हा पर्याय कायमचा ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी आली आहे, तरी नाव सापडत नाही, असं असेल तर अंदाज बांधत बिल्ड पुन्हा पुन्हा चालवू नका. डॉकर रनने त्याच बेसमध्ये बॅश उघडा. आधी ओएस-रिलीज फाइल बघा, कोडनेम तिथे लिहिलेलं असतं. मग अपडेट करून ॲप्ट-कॅश पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव. कॅंडिडेटसमोर ‘नन’ आलं तर ते पॅकेज या आवृत्तीत नाही. आकडा आला तर पॅकेज आहे, दोष दुसरीकडे आहे. चार-पाच मिनिटं लागत असतील तिथे दोन मिनिटांत निकाल लागतो.

तुमच्या डॉकरफाइलमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. अपडेट एका रन ओळीत आहे आणि इन्स्टॉल दुसऱ्या रन ओळीत. हे आजच्या बिघाडाचं कारण नाही, पण उद्याच्या बिघाडाचं नक्की होईल. अपडेटची ओळ बदलत नाही, म्हणून डॉकर तिचा थर, म्हणजे त्या ओळीचा साठवलेला निकाल, कॅशमधून उचलतो. सहा महिन्यांनी तुम्ही इन्स्टॉलच्या ओळीत एक नवं पॅकेज घालता. यादी सहा महिन्यांपूर्वीची, त्यातली आवृत्ती मिररवरून (जिथून पॅकेज उतरतं त्या सर्व्हरवरून) केव्हाच गेलेली, आणि तुम्हाला ४०४ मिळतो. शिळ्या वेळापत्रकावर गाडी पकडायला गेल्यासारखं ते होतं. म्हणून अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रनमध्ये, मध्ये दोन अँपरसँड देऊन लिहा, अर्धविराम देऊन नाही. अर्धविराम दिला तर अपडेट फसलं तरी इन्स्टॉल चालतं. त्याच रनच्या शेवटी ॲप्टच्या लिस्ट्सचं फोल्डर पुसा. दुसऱ्या रनमध्ये पुसून उपयोग नाही, खालच्या थरात त्या फाइली राहतातच आणि इमेजचा आकार तेवढाच राहतो.

काही जण सावधगिरी म्हणून ॲप्टच्या प्रत्येक पॅकेजला बरोबरचं चिन्ह देऊन नेमकी आवृत्ती लिहितात. पायथनचं पॅकेज घालायचं साधन पिप, त्यात ही सवय चांगली आहे, डेबियनमध्ये ती अंगाशी येते. डेबियनच्या मिररवर एका रिलीजमध्ये सहसा पॅकेजची चालू आवृत्तीच ठेवलेली असते. सुरक्षेचा एक पॅच आला की जुना आकडा गायब आणि बिल्ड ‘व्हर्जन वॉज नॉट फाउंड’ म्हणून थांबतं. अगदी त्याच आवृत्त्या पुन्हा मिळायलाच हव्यात अशी गरज असेल तर स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर तारखेनुसार जुने संच आहेत, सोर्स म्हणून ते देता येतात. बहुतेकांना एवढं लागत नाही. बेसचं पूर्ण नाव आणि पायथनची लॉक फाइल पुरते.

बेस फार जुना असेल तर चित्र आणखी वेगळं. आधार संपला की डेबियनचं रिलीज काही काळाने नेहमीच्या मिररवरून उचलून आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर ठेवतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्ट्रेच असं हललं आणि त्यावरची बिल्डं ४०४ देऊ लागली. सेंटओएस या दुसऱ्या लिनक्सच्या ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. नंतर ७ वर यम (तिथलं पॅकेज घालायचं साधन) वापरलं की मिररलिस्टचा पत्ताच सापडत नाही, असं उत्तर येतं. सोर्सचा पत्ता बदलून आर्काइव्ह किंवा सेंटओएसच्या जुन्या साठ्याकडे, म्हणजे व्हॉल्टकडे, वळवलं तर बिल्ड चालेल, पण त्या इमेजला पुढे सुरक्षेचे पॅच मिळणार नाहीत. स्थलांतरासाठी वेळ मिळवायला ठीक, कायमचा मुक्काम म्हणून नाही. जाता जाता: बुकवर्मपासून डेबियनच्या इमेजमध्ये सोर्सेस डॉट लिस्ट ही फाइल जुन्या जागी नसते, सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी या फोल्डरमध्ये डेबियन डॉट सोर्सेस असते. पत्ता बदलणारी जुनी सेडची ओळ म्हणून ‘फाइल सापडत नाही’ म्हणते. ट्रिक्सीत ॲप्ट-की सुद्धा गेलं. बाहेरच्या रेपॉझिटरीची की आता कीरिंग्जच्या फोल्डरमध्ये ठेवून साइन्ड-बायने जोडायची.

नेटवर्कचं म्हणाल तर ‘टेंपररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ हा डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधण्याचा) दोष आहे, पॅकेजचा नाही. होस्टवर नेट चालतं आणि बिल्डमध्ये नाही, असं असेल तर एकदा नेटवर्क होस्ट देऊन बिल्ड करून बघा. त्याने चाललं तर डॉकरच्या डेमनला डीएनएसचा पत्ता नीट द्यावा लागेल. व्हीपीएन चालू असलेल्या मशीनवर हे फार होतं. ऑफिसच्या प्रॉक्सीमागे असाल तर प्रॉक्सी बिल्ड आर्ग्युमेंटने द्या, एन्व्ह म्हणून डॉकरफाइलमध्ये लिहू नका. लिहिलात तर तो पत्ता प्रॉडक्शनच्या इमेजमध्येही जातो, आणि त्यात पासवर्ड असेल तर तोही. प्रॉक्सी टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली जोडणी, उघडून तपासणारी असेल तर ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ येतं. त्यावर कंपनीचं रूट सर्टिफिकेट इमेजमध्ये घालून अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवणं हाच उपाय. त्या फाइलचं एक्स्टेन्शन सीआरटीच असायला हवं, नाहीतर ती उचललीच जात नाही. तपासणी बंद करण्याचे जे उपाय इंटरनेटवर मिळतात, म्हणजे ट्रस्टेड-यस, अलाउ-अनऑथेंटिकेटेड, ते प्लीज घेऊ नका. वाटेत कुणी पॅकेज बदललं तरी तुमचं बिल्ड हिरवंच दिसेल.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ आलं तर घड्याळ बघा, लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डॉकरच्या व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे राहिलेलं असतं. ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’ आलं तर की शोधण्याआधी डिस्क बघा, जागा संपली की हाच मेसेज येतो. बिल्ड टाइमझोन विचारून तिथेच बसलं तर डेबियन-फ्रंटएंड नॉनइंटरॲक्टिव्ह फक्त त्या रनपुरतं द्या. एक्झिट कोड १३७ आला तर बहुतेक वेळा मेमरी संपली.

ॲप्ट पार झालं आणि पिपवर अडकलं, तर प्रश्न बहुधा व्हीलचा, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या पॅकेजचा, असतो. तुमच्या पायथनसाठी आणि प्रोसेसरसाठी तयार व्हील नसलं की पिप सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतो, आणि स्लिम इमेजमध्ये जीसीसी हा कंपायलर नसतो. पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारं सायकोपीजी२ ‘पीजी-कॉन्फिग नॉट फाउंड’ म्हणतं तेव्हा लिबपीक्यू-डेव्ह आणि जीसीसी हवेत. हे बिल्डच्या टप्प्यात घाला आणि शेवटच्या टप्प्यात फक्त लिबपीक्यू५ ठेवा. इमेज लहान करायला अल्पाइनवर जाऊ नका, निदान पायथनसाठी. अल्पाइन हे छोटं लिनक्स जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल वापरतं, त्यामुळे नेहमीची मेनीलिनक्स व्हील्स तिथे चालत नाहीत. मसललिनक्स व्हील्स आता बऱ्याच पॅकेजांची मिळतात, सगळ्यांची नाही. ज्याचं नाही ते वीस मिनिटं कंपाइल होतं.

आणि ॲप्टने पायथन३-ओपनसीव्ही घालून सुटका होईल असं कुणी सुचवलं, तर ते तुमच्या इमेजमध्ये उपयोगाचं नाही. अधिकृत पायथन इमेजमधला पायथन यूएसआर-लोकलमध्ये असतो. ॲप्ट डेबियनचा स्वतःचा दुसरा पायथन आणून ओपनसीव्ही त्याला जोडतं. इन्स्टॉल यशस्वी होतं आणि इंपोर्ट करताना ‘नो मॉड्यूल नेम्ड सीव्ही२’ येतं.

आधी हेडलेस आणि पूर्ण टॅग करून बघा. तरीही अडलं तर प्लेन लॉगमधली पहिली ई किंवा डब्ल्यू ओळ, तिच्या वरच्या पाच ओळी, ओएस-रिलीजमधलं कोडनेम आणि सर्व्हरचा प्रोसेसर एएमडी६४ आहे की आर्म६४, एवढं इथे टाका. मी बघतो.