लहान विमानाला विंगलेट बसवल्याने इंधन खरोखर वाचते का?

आपल्या चार आसनी सेस्ना १७२ ला आधी विंगलेट (पंखांच्या टोकांना बसवायची वर वळलेली छोटी पाती) बसवावेत की हवेचा अडथळा कमी करणारी चाकांची आवरणे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी दोन्हीही नकोत. आहे ते विमान नीट करून घ्या.

ओझरला उभ्या असलेल्या अशाच एका खाजगी सेस्नाची देखभाल काही वर्षे माझ्याकडे होती. उड्डाणात डावा पंख सतत खाली कलत असे आणि वैमानिक कंट्रोल व्हील उजवीकडे धरून नाशिक ते पुणे गाठत, म्हणजे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या झडपा) सगळा वेळ वाकडे राहून हवेला विनाकारण अडवत. मालकांना मात्र विंगलेट हवे होते. हवेचा प्रवाह कुठे बिघडतो ते दिसावे म्हणून मी पत्नीच्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर घेतली, बोटभर लांबीचे तुकडे दरवाजा, चाकांचे पाय आणि पंखाचे मूळ यांवर टेपने चिकटवले आणि शेजारच्या आसनावर बसून पाहिले. बहुतेक तुकडे पत्र्याला चिकटून शांत होते, पण दरवाजाच्या खालच्या कडेचे तुकडे बाहेर फेकले जाऊन फडफडत होते, कारण तिथले रबर झिजून केबिनमधील हवा बाहेर सुटत होती. रबर बदलले, पंखाच्या मागील स्पारच्या (आतल्या आडव्या तुळईच्या) जोडातील एक्सेंट्रिक बुश, म्हणजे फिरवून पंखाचा कोन जुळवायची कडी, मॅन्युअलप्रमाणे किंचित फिरवले आणि विमान हात सोडून सरळ उडू लागले. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना (आरपीएमला) वेग तीन नॉटने, म्हणजे तासाला सुमारे साडेपाच किलोमीटरने, वाढला. मालक म्हणाले, "अहो, पण यात दिसण्यासारखे काय आहे?" पुढे त्यांनी रीतसर मंजुरी घेऊन विंगलेट बसवलेच, आणि आधीपासून होत असलेल्या बचतीचे श्रेयही विंगलेटनाच दिले.

विंगलेट इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे पंख उचल देताना निर्माण होणारा हवेचा रोध, कमी करतात, आणि तो वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सुमारे ११० नॉटच्या क्रूझमध्ये (प्रवासाच्या स्थिर उड्डाणात) मोठा वाटा पॅरासाइट ड्रॅगचा, म्हणजे विमानाच्या आकारामुळे आणि घर्षणामुळे होणाऱ्या रोधाचा असतो, जो वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. त्यामुळे सगळ्यात स्वस्त सुधारणा थ्रॉटलमध्ये (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यात) आहे: वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर लागणारी शक्ती जवळपास पाव हिश्श्याने घटते. इंधन मात्र तासामागे न मोजता किलोमीटरमागे मोजा, कारण प्रवासाचा वेळही वाढतो. विमानशास्त्राचे अभ्यासक कार्सन यांच्या हिशोबाप्रमाणे सर्वोत्तम ग्लाइड वेगाच्या (इंजिन बंद असताना विमान ज्या वेगाने सर्वात लांब तरंगत जाते त्याच्या) १.३२ पट वेग हा घाई आणि काटकसर यांतला चांगला मध्य आहे. आमच्या मालकांना हे कधीच पटले नाही. इंधनाचे बिल पाहून चिडायचे आणि थ्रॉटल पूर्ण पुढे.

चाकांच्या आवरणांबद्दल सांगायचे राहिले. जुन्या १७२ च्या पुस्तिकेतच त्यांचा लाभ सुमारे दोन नॉट दिला आहे, तेव्हा ती वाईट नाहीत, परंतु पावसाळ्यात कच्च्या जागेवरचा चिखल आत साचून वाळतो आणि चाक घासू लागते. यातले काहीही, माझ्या लोकरीसकट, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत बसवून आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीनेच करा. वेग आणि उंची दाखवणारी उपकरणे ज्यांवर चालतात त्या पिटो नळी आणि स्टॅटिक छिद्राजवळ टेप लावू नका.