पहिली शॉटगन घेण्याआधी

मिनेसोटा, सप्टेंबर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. दुकानातल्या माणसाने तुझ्या उंचीकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता फोर-टेनची, म्हणजे अगदी बारीक नळीच्या जातीची, हलकी एकनळी पुढे केली, "बायकांना हीच बरी" म्हणून. ती घेऊ नकोस. या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेव. या देशात कितीतरी मुली पहिल्याच महिन्यात नेमबाजी सोडतात, आणि बहुतेकींच्या हातात पहिल्या दिवशी अशीच एखादी बंदूक दिलेली असते.

का, ते सांगते. त्यासाठी आधी हे आकडे काय आहेत ते बघ. आपल्याकडे जिला बारा बोअर म्हणतात, तीच इथली १२ गेज. नळीच्या आतल्या व्यासाच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या तर एका पौंडात किती बसतील, तो हा आकडा. बारा बसल्या तर १२, वीस बसल्या तर २०. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. १२ची नळी आतून साडेअठरा मिलिमीटर, २०ची साधारण साडेपंधरा, २८ची चौदा. फोर-टेन तेवढी या हिशेबात बसत नाही. तिचा आकडा म्हणजे सरळ इंचातला व्यास, ०.४१० इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर.

आता खरी गोष्ट. नळी मोठी म्हणजे छर्रा जास्त जोरात जातो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. नेमबाजीच्या क्लबवरची साधी काडतुसं कुठल्याही गेजची घे, छर्रे सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटरच्या वेगाने निघतात. एकाच आकाराचा छर्रा १२मधून सुटला काय आणि २०मधून सुटला काय, हवेत उडवलेल्या निशाण्याच्या तबकडीवर आदळताना तो तेवढ्याच ताकदीचा असतो. फरक पडतो तो छऱ्यांच्या संख्येत. साडेसात नंबरचे छर्रे (नंबर वाढला की छर्रा बारीक) एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, साधारण साडेतीनशे बसतात. १२च्या नेहमीच्या ३२ ग्रॅमच्या काडतुसात ते चारशेच्या जवळ जातात. २०च्या २५ ग्रॅमच्या काडतुसात तीनशे, २८मध्ये अडीचशेच्या थोडे वर, आणि फोर-टेनच्या अर्ध्या औंसात पावणेदोनशे.

हे पावणेदोनशे छर्रे एवढ्या अरुंद नळीतून लांबलचक रांगेत बाहेर पडतात. रांगेतले पुष्कळसे नळीला घासून चपटे होतात आणि बाजूला भरकटतात. पंचवीस मीटरच्या पलीकडे मध्ये अशी भोकं पडतात की तबकडी त्यातून साबूत निघून जाते. नेम बरोबर असूनही तबकडी फुटत नाही, आणि आपलं काय चुकलं हे शिकणाऱ्याला कळत नाही. अमेरिकन स्कीटमध्ये, म्हणजे उडत्या तबकड्या फोडण्याच्या एका खेळात, १२, २०, २८ आणि फोर-टेन अशा चार वेगवेगळ्या स्पर्धा असतात. तिथे फोर-टेन सगळ्यांत अवघड समजतात. वर्षानुवर्षं मुरलेल्या हाताचं ते काम, ते नवख्या मुलीच्या खांद्यावर का ठेवायचं?

आणि ती हलकी म्हणून धक्का कमी, हेही पूर्ण खरं नाही. धक्का ठरतो तो काडतुसातल्या मालावर (म्हणजे छऱ्यांच्या वजनावर), त्याच्या वेगावर आणि बंदुकीच्या वजनावर. गेजचा आकडा त्यात थेट कुठेच येत नाही. पावणेतीन किलोची २० गेज घेऊन तिच्यात तीन इंची, जास्त मालाचं मॅग्नम काडतूस घातलंस, तर ती साडेतीन किलोच्या १२ गेजमधल्या एक औंसाच्या काडतुसापेक्षा जास्त जोरात खांद्यावर बसेल. दुकानात बंदूक हातात घेतल्यावर हलकी वाटली की मन भुलतं. पण दिवसभरात शंभर बार काढायचे असतात तेव्हा तेच वजन तुझ्या बाजूने लढतं.

तेव्हा माझं स्पष्ट मत: तुझी पहिली बंदूक १२ गेजचीच असू दे, आणि तिच्यात काडतुसं हलकी घाल. एक औंसाची, किंवा त्याहून हलकी, २४ ग्रॅमच्या आसपासची. यात कमीपणा काही नाही. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट या दोन्ही तबकडी-खेळांतही बंदूक १२च असते आणि काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत. तेवढ्या मालात तिथे फार वेगवान तबकड्या फुटतात. १२ला खाली आणता येतं, हा तिचा मोठा गुण. २० गेजला वर चढवायला गेलीस की धक्काही वाढतो आणि छऱ्यांची रांगही बिघडते. शिवाय १२ची काडतुसं कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त असतात. तुला दर शनिवारी क्लबवर जायचंय. एक राउंड पंचवीस तबकड्यांचा आणि खोक्यात काडतुसंही पंचवीसच. महिन्याला किती खोकी लागतील ते कागदावर मांड, मग २८ गेजच्या खोक्याची किंमत बघ.

माझ्या मते २० गेज एकाच परिस्थितीत घ्यावी. बंदूक खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव आणि तशीच धरून उभी राहा. मिनिटभरात तू मागे झुकायला लागलीस, पाठीची कमान झाली, तर ती बंदूक तुला जड आहे. मग २० घे, पण गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक (बाराच्या गॅसच्या दाबाने पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घे, आणि काडतुसं पावणेतीन इंचीच वापर. गॅस-गनमध्ये धक्का पसरतो, एकदम बसत नाही. १२मध्येही तुला तीच सुचवते. फक्त फार हलक्या काडतुसांवर काही गॅस-गनचं रिकामं काडतूस नीट बाहेर पडत नाही, म्हणून घेण्याआधी तुझ्याच काडतुसांनी चालवून बघ. एकावर एक नळ्या असलेल्या दुनळीला, ओव्हर-अंडरला, ही अडचण नाही. ती उघडली की लांबून सगळ्यांना दिसतं की बंदूक रिकामी आहे, आणि क्लबवर ते मला फार आवडतं. पण तिचा धक्का पूर्ण खांद्यावर येतो.

गेजपेक्षाही आधी दस्त्याची लांबी बघ. इथल्या बंदुका सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाने बनतात, दस्ता चाप ते टोक छत्तीस-सदतीस सेंटिमीटर. आपल्यासारख्या बायकांना तो दोन-तीन सेंटिमीटर तरी लांब पडतो. मग बंदूक खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसते आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं होतं. बायका म्हणतात, १२ गेज झेपली नाही. खरं तर दस्ता कापून घेतला असता तर झेपली असती. चांगला गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, हे काम करून देतो. त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेव.

आता शिकारीबद्दल. तुझ्या ऑफिसातली मंडळी ऑक्टोबरात फेझंटच्या (रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या) शिकारीला नेणार म्हणालीस. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच झाली. त्यामुळे घरी कुणाला विचारावं तर आजोबांच्या जुन्या गोष्टींपलीकडे काही हाती लागत नाही. इथली शिकार वेगळी आहे. परवाना आहे, हंगाम आहे, दिवसाला किती ते ठरलेलं आहे. आपल्या राज्यात फेझंटचे फक्त नर मारायचे, दिवसाला दोन, आणि डिसेंबरपासून तीन. १९७९ नंतर जन्मलेल्यांना बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, ते तू काढलंयसच. काडतुसाच्या प्रत्येक खोक्यावर अकरा टक्के कर बसतो आणि १९३७च्या कायद्याने तो वन्यजीवांच्या कामाला जातो. आईला समजावून सांगायची वेळ आली तर हेही सांग.

फेझंट हा चिवट पक्षी. गवतातून फडफडत उठतो तो बहुतेक वेळा तुझ्याकडे पाठ करूनच. छऱ्यांना शेपटी, पिसं, पाठीचं हाड एवढं ओलांडून आत पोचायचं असतं. जखमी झाला तर खाली पडून तो पळत सुटतो आणि लव्हाळ्याच्या जाळीत असा शिरतो की कुत्र्यालाही सापडत नाही. मग तो कुठेतरी दोन दिवस तडफडत मरतो. हे मला सहन होत नाही, आणि तुलाही होऊ नये असं वाटतं. म्हणून शेतात गेज निवडताना आपल्या खांद्याच्या सोयीआधी पक्ष्याचा विचार करायचा. पाच नंबरचे छर्रे, सव्वा औंस, १२ गेज, चोक (नळीच्या तोंडाचा आवळ) इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड, आणि तीस-पस्तीस मीटरच्या पलीकडे बार काढायचाच नाही. २० गेजनेही हे होतं, फक्त एक औंसात. मग अंतर आणखी आवरतं घ्यायचं.

जाण्याआधी एक काम नक्की कर. मोठा जाड कागद चौकटीला लाव, मध्ये खूण कर आणि शिकारीचीच काडतुसं घेऊन पस्तीस मीटरवरून एक बार काढ. जिथे छर्रे दाट पडले त्याभोवती पाऊण मीटर व्यासाचं वर्तुळ काढ आणि मग तळहात त्या कागदावर सरकवत बघ. हात पूर्ण मावेल अशी कोरी जागा वर्तुळात दिसली, तर त्या अंतरावर पक्षी तिथूनच निसटेल. हे प्रत्येक काडतुसासाठी आणि प्रत्येक चोकसाठी वेगळं येतं. पेटीवर काय छापलंय त्यापेक्षा मी या कागदावर विश्वास ठेवते.

बदकांना जाशील तेव्हा १२च हवी. १९९१पासून अमेरिकेत कुठेही पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. बदकं चिखल चाळताना खड्यांबरोबर शिशाचे छर्रेही गिळायची. खडे दळणाऱ्या त्यांच्या जठरात ते झिजत राहायचे आणि पक्षी विषबाधेने मरायचा. शिकाऱ्याने चुकवलेला बारही असा वर्षानुवर्षं मारत राहायचा. आता पोलादाचे छर्रे वापरतात. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, म्हणून तेवढाच घाव बसायला छर्रा आकाराने दोन पायऱ्या मोठा, म्हणजे नंबराने दोनने लहान, लागतो. मोठे छर्रे पुरेशा संख्येने बसवायचे तर काडतुसात जागा हवी, आणि ती जागा १२मध्ये आहे. आणखी एक गोष्ट: फेझंटसाठी तुम्ही फेडरल सरकारच्या पाणपक्षी-प्रजननाच्या जमिनीवर शिरलात, तर तिथेही शिसं चालत नाही. ऑफिसातल्या मंडळींना आधीच विचार, कुठली जमीन आहे ते.

१६ गेज ही सुंदर बंदूक, पण काडतुसं शोधत फिरावं लागतं. १० गेज हंसांसाठी, जड, तिचं तुला काही काम नाही. २८ माझी लाडकी आहे, पण ती दुसरी बंदूक म्हणून घ्यावी, पहिली नाही.

आता शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. २० गेजचं काडतूस नेहमी पिवळं असतं, ते उगाच नाही. घरात दोन्ही गेज असतील आणि चुकून एक पिवळं काडतूस १२च्या नळीत पडलं, तर ते तिथे थांबत नाही. घसरत पुढे जातं आणि जिथे नळी निमुळती होते तिथे अडकतं. मागून बघितलं तर कोठी (काडतूस बसतं ती जागा) रिकामी दिसते. चाप ओढला की नुसता टक आवाज येतो, म्हणून माणूस १२चं काडतूस भरतो. ते पेटलं की नळी फुटते, आणि फुटते ती डावा हात असतो नेमकी तिथे. म्हणून एका जाकिटाच्या खिशांत एकाच गेजची काडतुसं. घरी आल्यावर खिसे उलटे करून झटकायचे. कुणी मैत्रिणीने तिच्या २०मधली दोन काडतुसं "असू दे" म्हणून तुझ्या खिशात टाकली, तर त्याच क्षणी काढून परत दे. आणि बार फुसका वाटला, तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळी उघडून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं, दर वेळी.

तुझा तो एच-वन-बीवरचा मित्र सोबत यायचं म्हणतोय, त्याला आधी शिकारीचा परवाना काढायला सांग. तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून तुला अडचण नाही. पण त्या व्हिसावर वैध शिकार-परवान्यासारखी सवलत नसेल तर क्लबवर उसनी बंदूक हातात घेणंही केंद्रीय कायद्यात बसत नाही. इमिग्रेशनचं प्रकरण आहे, हसण्यावारी नेऊ नये.

या शनिवारपर्यंत दुकानात पैसे भरू नकोस. सकाळी नऊला क्लबवर ये, मी माझी १२ आणि २० दोन्ही आणते, काडतुसं वेगवेगळ्या पिशव्यांत. दोन्हींनी एकेक राउंड मार आणि संध्याकाळी खांदा काय म्हणतो ते मला फोनवर सांग. डोळ्यांना चष्मा आणि कानांना प्लग तुझे तू आण. उघडे बूट घालू नकोस. केस मागे बांधून ये, गाल दस्त्यावर टेकला की मधे येतात.

तुझी,
मावशी