तळे भरलेले हवे, पण रिकामेही करता आले पाहिजे
वाचकांचे प्रश्न : जुनी लहान धरणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जुन्या लहान धरणांविषयी आहेत. ज्या कामासाठी ती बांधली गेली ते काम बहुतेक संपले आहे, आणि आता तेथे लोक नौकाविहारासाठी, मासे धरण्यासाठी किंवा चार घटका पाण्याकाठी बसण्यासाठी येतात. म्हणून तिन्ही पत्रांना एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत अटलांटाजवळच्या एका वसाहतीत राहतो. वसाहतीच्या मधोमध तळे असून ते अडवणारे मातीचे धरण सुमारे 60 वर्षांपूर्वीचे, साधारण 9 मीटर उंचीचे आहे. तळ्याची मालकी रहिवासी संघाकडे आहे आणि यंदा मी संघाच्या समितीवर आहे. तळातून पाणी सोडण्याच्या नळाची झडप कित्येक वर्षांत कोणी फिरवलेली नाही. सांडव्याच्या (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेच्या) तोंडाशी मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावलेली आहे. झडप दुरुस्त करण्यापेक्षा नळ सिमेंटने कायमचा बुजवणे स्वस्त पडेल, असे एका ठेकेदाराने सांगितले आहे. मान्य करावे का?

उत्तर : पाणी उतरवण्याची दुसरी खात्रीची सोय आधी उभी राहिल्याशिवाय मुळीच मान्य करू नये. शिवाय ती जाळी या आठवड्यातच काढून घ्यावी.

करमणुकीच्या तळ्याची मोठी अडचण अशी की ते बारा महिने काठोकाठ भरलेले असावे असे सर्वांना वाटते. शेतीच्या तलावाचे पाणी उन्हाळ्यात आपोआप उतरते, त्यामुळे भरावाचा आतला उतार वर्षातून एकदा तरी उघडा पडतो आणि भेगा, खचलेला भाग, निसटलेले दगड नजरेस येतात. आपल्या तळ्याचे तसे होत नाही. भरावात काही बिघडत असल्याचे दिसले तर सर्वांत पहिला उपाय म्हणजे पाण्याची पातळी खाली आणणे, आणि झडप चालत नसेल तर तो उपायच हातात राहत नाही.

पेन्सिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरणाची हकीकत आपल्या समितीपुढे जरूर मांडावी. ते आपल्या धरणापेक्षा पुष्कळ मोठे, सुमारे 22 मीटर उंचीचे, मातीचे धरण होते. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी राज्याने ते बांधले, पुढे कालव्याचा उपयोग संपला आणि मालकी बदलत गेली. मधल्या एका मालकाने तळाचे ओतीव लोखंडी नळ काढून भंगारात विकले. 1879 मध्ये मासेमारी आणि शिकारीच्या एका श्रीमंत क्लबने ते विकत घेतले. क्लबने नळ पुन्हा बसवले नाहीत, घोडागाड्या जाण्यासाठी माथा थोडा उतरवला आणि सांडव्यावर मासे अडवणाऱ्या जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टी झाली तेव्हा जाळ्यांत ओंडके आणि पाला अडकला, पाणी उतरवण्याचा दुसरा मार्ग नव्हता, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि भराव वाहून गेला. खाली जॉन्सटाउन शहरात 2,209 माणसे मेली. आपल्या पत्रातील बंद झडप आणि जाळी वाचताना मला हेच धरण आठवले.

झडपेबाबत मात्र उतावीळपणे तिचे चाक फिरवू नये. इतक्या वर्षांनी उघडलेली झडप अर्ध्यावर अडकली तर तळे आपोआप रिकामे होऊ लागेल. आधी पाणबुड्याकडून झडपेची आणि कॅमेरा आत सोडून नळाची तपासणी करून घ्यावी. त्या काळातील नळ बहुधा पन्हाळीच्या पत्र्याचे असतात आणि ते गंजून भोके पडली असतील, तर भरावातील माती त्या भोकांतून आत ओढली जाऊन वाहून जाते. वर माथ्यावर मधेच एखादा खळगा पडलेला दिसला तर हीच शंका घ्यावी. जुन्या नळाच्या आत नवा नळ सरकवून मधली पोकळी भरून घेणे हा पुष्कळदा सर्वांत व्यवहार्य उपाय ठरतो. नवी झडप तळ्याच्या बाजूला असावी, म्हणजे भरावातून जाणारा नळ सतत पाण्याच्या दाबाखाली राहत नाही. दुरुस्तीसाठी पाणी उतरवताना ते सावकाश, दिवसाला साधारण एक फूट या बेताने उतरवावे. तळे झपाट्याने रिकामे केल्यास ओल्या भरावाला टेकू देणारे पाणी नाहीसे होते आणि आतला उतार घसरतो.

आपल्याच राज्यातील एक घटनाही सांगितली पाहिजे. टोकोआ फॉल्स येथील केली बार्न्स धरण पूर्वी विजेसाठी वापरले जाई. नंतर ते केवळ करमणुकीचे तळे म्हणून उरले. उंची सुमारे 12 मीटर, म्हणजे आपल्या धरणाच्या जवळपास. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या वसतीतील 39 जण मरण पावले. बाहेरच्या उतारावर पूर्वी घसरण झाली होती, पण तिचा अर्थ कोणी वेळीच लावला नाही. त्या दुर्घटनेनंतर 1978 मध्ये जॉर्जियाने धरण सुरक्षेचा कायदा केला. फुटल्यास मनुष्यहानी संभवते अशी धरणे त्यानुसार पहिल्या वर्गात येतात. आपले धरण आज दुसऱ्या वर्गात असले तरी खाली नवी घरे झाली असतील, तर वर्ग बदलू शकतो आणि त्यासोबत सांडव्याची लागणारी क्षमताही बदलते. राज्याच्या धरण सुरक्षा कार्यालयाला हे आपण होऊन विचारावे. खर्च वाढेल या भीतीने समित्या हा प्रश्न टाळतात, आणि माझ्या मते ती त्यांची सर्वांत मोठी चूक असते.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या गावचा तलाव सुमारे 8 मीटर उंच मातीच्या भरावाचा आहे. ग्रामपंचायतीने तेथे नौकाविहार सुरू केला असून सुटीच्या दिवशी चांगली गर्दी होते. भरावावर बाभळी आणि दोन मोठे उंबर आहेत. पर्यटकांना सावली मिळते म्हणून आणखी झाडे लावायचा विचार आहे. पावसाळ्यात पायथ्याशी ओल दिसते. ती धोक्याची आहे का?

उत्तर : नवी झाडे भरावावर लावू नयेत. ती पायथ्यापासून दूर, काठाच्या मूळ जमिनीवर लावावीत. भरावावर शोभते ती फक्त हरळी.

बाभळीची लहान रोपे दरवर्षी पावसाळा संपताच उपटून काढावीत. उंबरांचा प्रश्न अवघड आहे, कारण मोठे झाड नुसते बुंध्याशी तोडले तर मुळे आत कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली असताना अभियंत्याच्या देखरेखीखाली झाड मुळांसकट काढावे आणि खड्डा त्याच जातीच्या मातीने थराथराने ठोकून घट्ट भरावा. खेकड्यांची, उंदरांची, घुशींची बिळेही अशीच उकरून भरून घ्यावीत. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांवर दोष गेल्याने लोक संतापले, आणि तो संताप योग्यच होता. बिळे भरावाला इजा करतात हे खरे, पण ती शोधून बुजवणे हे देखभाल करणाऱ्याचे काम आहे. तिवरेच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती.

आता ओलीविषयी. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी पाझरतेच, त्यामुळे ओल दिसताच घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे ते दोन गोष्टींसाठी : पाणी स्वच्छ आहे की गढूळ, आणि तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढतो आहे का. पायथ्याशी लहान चर खणून पाझर एका जागी आणावा आणि ठरावीक बादली किती सेकंदांत भरते ते दर आठवड्याला, तलावाच्या पातळीसह, वहीत लिहावे. शाळेतील मुलेही हे काम उत्तम करतील. त्या वहीला मी कोणत्याही महागड्या उपकरणाइतकी किंमत देतो. गढूळ पाणी येऊ लागले तर भरावातली माती वाहून जात आहे आणि आत पोकळी तयार होत आहे असे समजावे.

अशा वेळी गावात हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरच्या बाजूने सिमेंट किंवा काळी माती थापून भोक बंद करणे. पाणी थांबत नाही, ते दुसरीकडून वाट काढते आणि आत दाब वाढतो. योग्य उपाय उलटा आहे : पाण्याला येऊ द्यायचे, पण मातीला नाही. त्यासाठी झऱ्यावर आधी स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि तिच्यावर जाड दगड अशा थरांचे ओझे ठेवावे, मोरी (तळातून पाणी सोडण्याची वाट) उघडून पाणी उतरवायला लागावे आणि खालच्या वस्तीला त्याच क्षणी हलवावे. उजाडण्याची वाट पाहू नये.

2021 चा केंद्रीय धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींसह 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू होतो. आपला तलाव त्यात येत नाही. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणी करण्याची लेखी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याकडे करावी. असे तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. नौकाविहाराच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा देखभालीसाठी वेगळा ठेवण्याचा ठरावही त्याच सभेत व्हावा.

प्रश्न : लोणावळ्याच्या भुशी धरणावरून पाणी पायऱ्यांवर वाहते आणि लोक त्यात बसतात. मग आमच्या तलावाच्या माथ्यावरून थोडे पाणी गेले तर काय बिघडते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले दगडी धरण आहे आणि त्यावरून पाणी जावे अशीच त्याची रचना आहे. मातीच्या भरावाचे तसे नाही. माथ्यावरून वाहणारे पाणी बाहेरच्या उतारावर वेग घेते, माती खरवडते आणि काही तासांत भरावाला खिंडार पाडते. म्हणून मातीच्या धरणाचा माथा कधीही पाण्याखाली जाऊ नये इतका सांडवा रुंद आणि मोकळा ठेवावा लागतो. तेथे टपरी, पायवाटेचा बांध किंवा पाणी वाढवण्यासाठी लावलेल्या फळ्या, यांपैकी काहीही चालत नाही.

दगडी धरण सुरक्षित असले म्हणून त्याच्या आसपासचे पाणी सुरक्षित असते असेही नाही. 30 जून 2024 रोजी भुशीच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत मुले होती. धरणाला काहीही झालेले नव्हते. वरच्या डोंगरावर पाऊस वाढला आणि ओढ्याचे पाणी क्षणात चढले. पावसाळ्यात सांडव्यात, पायऱ्यांवर किंवा ओढ्याच्या पात्रात उतरू नये, आणि पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाला येऊ लागला, तर सामान तेथेच टाकून उंच जागी जावे.