‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करूनही इन्स्टॉल करताना त्रुटी 1303 येते, उपाय काय?

जुन्या संगणकातील हार्ड डिस्क नव्या संगणकाला डी ड्राइव्ह म्हणून जोडल्यावर तिच्यातील एका फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊनही त्रुटी 1303 (इन्स्टॉलरला त्या फोल्डरमध्ये पोहोचण्याचे पुरेसे अधिकार नाहीत, अशी सूचना) येते, असे आपण लिहिले आहे. विंडोज इन्स्टॉलरच्या पद्धतीत फायली प्रत्यक्ष जागेवर ठेवण्याचे काम आपल्या खात्यातून होत नाही, तर ‘सिस्टम’ या खात्याखाली चालणारी सेवा ते करते. त्यामुळे त्या फोल्डरवर आपल्याला सर्व अधिकार असले, पण ‘सिस्टम’ला नसले, तरी काम अडते.

फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील ‘सिक्युरिटी’ टॅब उघडा. तेथे ‘अकाउंट अननोन’ आणि ‘एस-1-5-21’ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला, तर ते जुन्या विंडोजमधील खाते आहे, कारण एनटीएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याच्या विंडोजच्या पद्धतीत, परवानग्या डिस्कवरच नोंदलेल्या असतात आणि डिस्कबरोबर येतात. ‘सिस्टम’ची ओळख मात्र प्रत्येक विंडोजमध्ये एकच असते, ते नाव यादीत नसेल, तर पूर्वी कोणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रामने ते काढले आहे, असे समजावे.

आता ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘ओनर’समोरील ‘चेंज’ निवडा, मालकी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ या गटाकडे द्या आणि उपफोल्डरांचीही मालकी बदलणाऱ्या चौकटीत खूण करा. खिडकी बंद करून पुन्हा उघडा, ‘अ‍ॅड’ने ‘सिस्टम’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ यांना ‘फुल कंट्रोल’ द्या, आणि यादीत ‘डिनाय’ची नोंद असल्यास ती आवर्जून काढा, कारण त्याच पातळीवर मनाईची नोंद परवानगीवर मात करते. शेवटी आतील सर्व परवानग्या बदलणारी ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ने सुरू होणारी खूण करा. तिच्यामुळे आतील फायलींना वेगळ्या दिलेल्या परवानग्या पुसल्या जातात, म्हणून हे सारे त्या एका फोल्डरपुरतेच करा, संपूर्ण ड्राइव्हवर करू नका.

‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्वच वापरकर्त्यांना, ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळे व्हा, असा सल्ला अनेक जण देतात. तो कृपया मानू नका. प्रोग्राम असलेल्या फोल्डरमध्ये कोणालाही लिहिता आले, की मूळ फाइल काढून तिच्या जागी घातक फाइल ठेवणे सोपे होते.

एवढे करूनही त्रुटी राहिली, तर फोल्डर एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंदिस्त) केलेला आहे का, आणि डी हे खरोखर डिस्कचेच अक्षर आहे की एखाद्या फोल्डरला ‘सब्स्ट’ने (फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर देणाऱ्या विंडोजच्या कमांडने) दिलेले नाव आहे, हे तपासा, या दोन्ही बाबतींत ‘सिस्टम’ खाते तेथपर्यंत पोहोचू शकत नाही.