चट्टे दिसतात, लोक बघतात. मग बाहेर पडायचं कसं?

‘अंगावरचे चट्टे लपवावे तरी किती? लोक टक लावून बघतात, विचारतात, कुणी जरा लांबच उभं राहतं. औषधं चालू आहेत, पण मनाने पार खचलेय. काय करू?’

सोरायसिस, कोड, एक्झिमा, ल्युपस, वर्षानुवर्षं अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधी. आजार वेगवेगळे असले तरी समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. आज त्यावर उपदेश न करता एका शिक्षिकेबरोबर केलेलं काम सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आसपास, सोरायसिस बरीच वर्षं. चट्टे कोपरांवर, गुडघ्यांवर, कपाळाला लागून केसांच्या कडेला आणि थोडे हातांच्या पाठीवर. त्वचारोगतज्ज्ञांनीच त्यांना पाठवलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की त्वचा औषधांना बरी साथ देतेय, पण पेशंट शाळेत जायचं टाळताहेत.

बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, “मॅडम, लोकांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. माझं एवढंसं आहे आणि मी एवढं मनाला लावून घेते. माझंच काहीतरी चुकतंय ना?”

या वाक्यापाशी मी मुद्दाम थांबते, कारण निम्मं दुखणं त्यातच असतं. त्रास होतो तो होतोच, वर ‘एवढ्याशासाठी त्रास होतोय’ याची लाज. म्हणून आधी मी त्यांच्याबरोबर एक हिशेब मांडला. आपला स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे शरीरावरच्या त्वचेचा साधारण १ टक्का. डॉक्टर पुष्कळदा याच मापाने अंदाज घेतात. त्यांचे सगळे चट्टे मिळून ३ तळव्यांच्या आत बसत होते, म्हणजे कागदावर आजार सौम्य. मग मी त्यांच्यापुढे डर्मटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स ही प्रश्नावली ठेवली. फिनले आणि खान या डॉक्टरांची ही १९९४ सालची प्रश्नावली त्वचाविकारांसाठी जगभर वापरतात. तिच्यात १० प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दलचे: खाज किती होती, लाज वाटली का, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, काम, खेळ, जवळचे संबंध, उपचारांचा व्याप. एकूण गुण ३०. १० च्या वर गेले की आयुष्यावर फार मोठा परिणाम होतोय असं धरतात. त्यांचे आले १७.

३ टक्के आणि १७ गुण हे दोन्ही आकडे एकाच माणसाचे आणि दोन्ही खरे. चट्टे किती जागेवर आहेत यावरून मनाला किती लागतंय ते कळत नाही. हातावरचा आणि चेहऱ्यावरचा रुपयाएवढा डागही पाठीवरच्या मोठ्या चट्ट्यापेक्षा जास्त जगणं अडवतो, कारण तो घेऊनच चार लोकांत जावं लागतं. हे ऐकून त्या पहिल्यांदा मोकळं रडल्या.

मग मी विचारलं, “लपवण्यासाठी दिवसभरात काय काय करता?” उत्तर यायला वेळ लागला. त्या फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्या भागावर लिहायच्या. हात वर नेला की बाही कोपरापर्यंत घसरते, म्हणून. मागच्या बाकांवरच्या मुलांना दिसत नसे, ती उभी राहून वाचत. खुर्चीतून उठण्याआधी बसल्या जागी हात फिरवून पडलेला कोंडा झटकायच्या. गडद रंगाचे कपडे कधीच बंद केले होते. वह्या मुलांच्या हातात न देता टेबलावर ठेवायच्या, त्यांनी उचलून न्यायच्या. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. शिवाय रोज रात्री मोबाइलवर चट्ट्यांचे फोटो काढून कालच्या फोटोशी ताडून बघणं.

इतकं सगळं सांभाळून वर शिकवायचं! माणूस थकेल नाही तर काय? लपवण्यात एक मोठी अडचण आहे. दिसलं असतं तर नेमकं काय झालं असतं, हे कधी कळतच नाही. मनातली भीती तपासलीच जात नाही, म्हणून ती वाढत राहते.

रजा सुरू झाल्या त्या एका प्रसंगानंतर. त्यांनी सहीसाठी पेन पुढे केलं, तर सहकारी बाईंनी ते न घेता पर्समधून स्वतःचं काढलं. मला विचाराल तर अशा वेळी ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं समुपदेशकाने कधीही म्हणू नये. लोक खरोखर बघतात, खरोखर हात मागे घेतात. मात्र दुसरी बाजूही मी त्यांना सांगितली. १९८० साली क्लेक आणि स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर मेकअपने व्रण रंगवला, त्यांना आरशात दाखवला आणि मग क्रीम लावायच्या निमित्ताने त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. आपल्या चेहऱ्यावर व्रण आहे अशाच समजुतीत ती माणसं समोरच्याशी बोलायला बसली. नंतर त्यांनी सांगितलं की समोरची व्यक्ती आपल्याशी अवघडल्यासारखी वागत होती. व्रण तर नव्हताच! म्हणजे एकदा मनाने ‘बघणारच’ असं धरलं की साधी नजरसुद्धा बोचते. पेनाचा प्रसंग खरा असेल. पण त्यानंतर स्टाफरूममधली प्रत्येक नजर त्याच पेनाची, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

मी त्यांना सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” दीर्घकाळच्या त्वचाविकारांत नैराश्य बरंच आढळतं, म्हणून हा प्रश्न मी आडवळणाने विचारत नाही. त्या म्हणाल्या, “मरावंसं नाही वाटत. दिसूच नये असं वाटतं.” तरी झोप, भूक, कामातला रस यांची मी नीट चौकशी केली. तुमच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा, घरातल्या कुणाला तरी आत्ता सांगा आणि आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

आता ताणाविषयी. “ताण घेऊ नकोस, ताणानेच वाढतं,” हे त्यांना घरीदारी सगळे सांगत. ताणाने सोरायसिस उसळू शकतो, हे खरंच आहे. पण घशाच्या संसर्गाने, त्वचेला खरचटल्याने, थंड कोरड्या हवेने, काही औषधांनीही तो उसळतो, आणि कधी कधी काहीच कारण सापडत नाही. मुळात हा प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येणारा आजार आणि त्यात अनुवंशिकतेचा मोठा वाटा. तरी दर वेळी चट्टा वाढला की त्या स्वतःलाच दोषी धरायच्या: मीच शांत राहिले नाही. या दोषापायी आणखी ताण. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे वाक्य वापरू नका. ‘काही दिसत नाही गं’ हेही नको, तिला दिसतंय. ‘आज कसं आहे?’ एवढं विचारा आणि ती सांगेल ते ऐका.

मग कामाला लागलो. आधी एक यादी: चट्टे गेल्यावर काय काय करणार? मुलीबरोबर पोहायला जायचं, वर्गाच्या सहलीला जायचं, बहिणीकडे राहायला जायचं, प्रयोगशाळेत मुलांना हात धरून प्रयोग दाखवायचा. यादी त्यांनीच पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, “यातल्या कशालाच स्वच्छ त्वचा लागत नाही.” सोरायसिस आटोक्यात येतो, महिनोन्महिने शांतही राहतो; पण कायमचा गेल्याशिवाय जगायचं नाही असं ठरवलं तर ती वाट पाहणं संपणारं नाही.

दुसरं, लोकांनी विचारलं तर द्यायचं उत्तर. ब्रिटनमध्ये जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ साली ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था काढली. तरुणपणी अपघातात त्यांचा स्वतःचा चेहरा भाजला होता. या संस्थेने रुजवलेली एक साधी पद्धत मी वापरते: काय आहे ते थोडक्यात सांगा, समोरच्याला निश्चिंत करा, विषय बदला. आम्ही खोलीत मोठ्याने सराव केला. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, “सॉरी, हा सोरायसिस आहे...” मी थांबवलं. सॉरी कशाबद्दल? ते ‘सॉरी’ जायला बऱ्याच खेपा लागल्या. शेवटी वाक्य तयार झालं: “हा सोरायसिस आहे, स्पर्शाने पसरत नाही. बरं, सहलीची यादी झाली का?” इतकंच. संपूर्ण आजारपण कुणालाही सांगायला आपण बांधील नाही. सांगायचंच नसेल तर “त्याबद्दल आत्ता नको बोलायला” हेही पूर्ण उत्तर आहे.

रात्री झोपेत-जागेपणी खाजवण्याची सवय होती, तिच्यासाठी हॅबिट रिव्हर्सल शिकवलं: हात चट्ट्याकडे निघालाय हे ओळखायचं, मूठ मिनिटभर घट्ट आवळायची, मग ओला गार कपडा दाबून धरायचा. फोटो आठवड्यातून एकदाच आणि तेही फक्त डॉक्टरांना दाखवण्यापुरते.

मग शाळा. सर्वांत लाडक्या वर्गापासून सुरुवात करायची, बाही फक्त एक घडी वर. जाण्याआधी काय होईल ते लिहून ठेवायचं. त्यांनी लिहिलं: मुलं हसतील, कुणीतरी वही घ्यायला नकार देईल. प्रत्यक्षात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, दुखतं का?” त्या विज्ञान शिकवतात. त्यांनी खडू घेतला आणि सांगितलं की त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण २८ दिवस लागतात. माझ्या चट्ट्यांत हेच काम ४-५ दिवसांत उरकतं, म्हणून पेशींचे थर साचतात. मुलांनी आणखी दोनतीन प्रश्न विचारले आणि मग गृहपाठ कमी करा म्हणून गिल्ला सुरू केला.

सगळंच इतकं गोड झालं नाही. एका पालकांनी मुख्याध्यापकांकडे चौकशी केली, हे लागट तर नाही ना? त्या दिवशी बाईंचा फोन आला, आवाज थरथरत होता. आम्ही ठरवलं की रजा न घेता लेखी उत्तर द्यायचं. डॉक्टरांचं पत्र, आणि जागतिक आरोग्य सभेने २०१४ सालच्या ठरावात सोरायसिसला दीर्घकालीन असंसर्गजन्य आजार म्हटलं आहे, ही माहिती. मुख्याध्यापकांनी पालकांना समजावलं. त्यांना ते पटलं की नाही, ठाऊक नाही. पण मुलगा त्याच वर्गात राहिला आणि बाईही.

नवऱ्याला एकदा बोलावलं होतं. तो महिनोन्महिने हात लावत नव्हता. त्यांना वाटायचं किळस येते. त्याला वाटायचं हात लागला तर दुखेल. इतके महिने दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं. आता पाठीमागून कोपरांना मलम तो लावतो.

थंडीत घसा बिघडला आणि चट्टे पुन्हा उसळले. दोन दिवस त्यांनी पूर्ण बाह्या घातल्या. चालतं की! रोज धैर्य दाखवायचा नियम नाही. या वेळी त्यांनी मलमं मनाने बदलली नाहीत, कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडची गोळी सुरू केली नाही, कारण ती अचानक थांबवली तर सोरायसिस जोरात उलटू शकतो. सकाळी बोटांचे सांधे आखडतात हेही त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना आपणहून सांगितलं. सोरायसिसमध्ये काही जणांना संधिवात होतो आणि तो लवकर कळलेला बरा. तिसऱ्या दिवशी त्या शाळेत होत्या. आमच्या भेटी आता त्यांना गरज वाटेल तेव्हाच होतात.