वाचकांचे प्रश्न: एकरभर पाऊस, किती लिटर?

प्रश्न: मी अकरावीत आहे. आमच्या एक एकर कपाशीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती लिटर? माझं उत्तर 10 कोटी लिटर येतं. कुठे चुकतं? (एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ)

उत्तर: उत्तर बरोबर हजारपटीने फुगलंय, म्हणजे मिलिमीटरचे मीटर करायचे राहिलेत. एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4047 चौरस मीटर, हे 4.047 × 10³ मी² असं लिही. 25 मिमी म्हणजे 2.5 × 10⁻² मी. आधी आकडे गुण: 10.1. मग घातांकांची बेरीज: 3 − 2 = 1. झाले 10.1 × 10¹, म्हणजे 1.01 × 10² मी³. एका घनमीटरात 10³ लिटर, म्हणून 1.01 × 10⁵ लिटर. पावसाचं माप दोनच सार्थ अंकांचं (म्हणजे मोजणीतून खरोखर मिळालेल्या अंकांचं) आहे, तेव्हा 1.0 × 10⁵ लिही. दशांशानंतरचं ते शून्य गाळू नकोस, मोजणी किती बारीक आहे ते तेच सांगतं. एक लाख लिटर!

पडताळा सोपा आहे: एका चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे नेमकं 1 लिटर पाणी. 4047 ला 25 ने गुणलं की थेट लिटरच येतात. तू त्यांना घनमीटर समजून पुन्हा हजाराने गुणलंस.

कॅल्क्युलेटरवरही जपून. 2.5, मग घातांकाचं बटण (EXP किंवा EE), मग −2. मध्ये ‘× 10’ दाबलंस तर उत्तर दहापट होतं, कारण ते बटणच ‘गुणिले दहाचा घात’ आहे.